कापायचा राहिलेला दोरा

व्हॅन आठला निघणार होती, म्हणून मी सगळ्यांना सात सांगितलं होतं. आमचा वर्ग नऊला जमला. मला नवल वाटलं नाही. शाळेत सहा वर्षं मी यांची हजेरी घेतली आहे. माणसाचं पोट सुटतं, केस जातात, नवरा जातो, पण उशिरा यायची खोड जात नाही. रिसबेक तेव्हा दहा मिनिटं उशिरा यायचा, आता तासभर येतो. तेव्हा त्याच्याकडे घड्याळ नव्हतं, आता तीन आहेत.

शाळेत आम्ही एकवीस होतो. चौघे वारले, आठ रशियात आहेत. ते दर नव्या वर्षाला फोन करून 'पुढच्या हिवाळ्यात नक्की येतो' म्हणतात. उरलो नऊ. काराकोलच्या बाजारासमोर बर्फात उभं राहून मी नऊ डोकी मोजली आणि ड्रायव्हरला निघ म्हटलं.

सहलीची कल्पना रिसबेकची. आपल्या गावात बर्फावर घसरायला कोरियातून, फ्रान्समधून माणसं येतात आणि आपण, तिथे जन्मलेले, शहरात बसून पोटं वाढवतोय, हे काही बरोबर नाही, असं त्यानं वर्षभर ऐकवलं. त्याचा स्कीचा पोशाख नवा, भडक केशरी. दुकानातली चिठ्ठी अजून काखेत लोंबत होती. ती मी पाहिली, पण काढ म्हटलं नाही.

"जिपार, तू कशाला आलीस गं?" घाट लागल्यावर तो म्हणाला. "खाली बसून चहा पी आणि आमचे कोट सांभाळ."

सगळे हसले. जिपारही हसली. ती नेहमी हसायची. मग खिडकीच्या काचेवरची वाफ बोटानं पुसत म्हणाली, "या वेळी नाही सांभाळणार. मंगळवारी माझं विमान आहे. कझानला, मुलाकडे. कायमची चालले. तिथे सगळं सपाट आहे म्हणे. जायच्या आधी मला एकदा आजीच्या मांडीच्या उतारावरून खाली यायचंय. वरून पार खालपर्यंत. बसून नाही, फरफटत नाही. माझ्या पायांवर."

"अगं, पन्नाशी उलटली तुझी," तोक्तो म्हणाली. तोक्तोचं औषधांचं दुकान आहे, तिला सगळ्यांची वयं गुडघ्यांवरून कळतात.

"म्हणूनच तर," जिपार म्हणाली.

मी माझ्या बाजूच्या काचेतून बाहेर पाहू लागले. कारण कोटांचं ते काम जिपारकडे आलं होतं माझ्यामुळे. पाचवीत मी मॉनिटर झाले तेव्हा वहीत कामं वाटून लिहिली होती: फळा कुणी पुसायचा, शेगडीत कोळसा कुणी घालायचा. दुपारी सगळा वर्ग लाकडी फळ्या पायांना बांधून टेकडीवर पळायचा. जिपार दर दहा पावलांना पडायची आणि सगळ्यांचा खोळंबा करायची. मी लिहिलं, 'कोट: जिपार.' एकदा लिहिलं ते सहा वर्षं खोडलं नाही. वीस कोट हातांवर घेऊन ती टेकडीच्या पायथ्याशी उभी राहायची. वरून पाहिलं की कोटांचा एक ढीग दिसायचा आणि ढिगाला दोन पाय.

कारा-जिल्गा, आमचं गाव, खाणीचं. खाण बंद पडून तीस वर्षं झाली, पण टेकडीच्या पोटातला कोळसा आमच्या जन्माआधीपासून जळतोय तो जळतोच आहे. टेकडीच्या डाव्या कुशीला एका जागी बर्फ कधी टिकत नाही. तिथून वाफ निघते आणि हिवाळाभर दुपारपर्यंत गावावर तरंगत राहते. आत एक आजी बसून स्वयंपाक करतेय, असं आम्ही लहानपणी धरून चाललो होतो. उताराला नाव पडलं आजीची मांडी. व्हॅन गावात शिरली तेव्हा त्या वाफेत घोडे उभे होते, निम्मे दिसणारे. बर्फ पडत नव्हता, नुसता हवेत होता. शाळा, खाणकामगारांच्या चाळी, त्यांना नव्यानं लागलेले लाकडी सज्जे, सगळं कुणीतरी झोपेत आठवावं तसं थोडं पुढे यायचं आणि पुन्हा मागे सरायचं.

आम्ही उतरलो असानबाईंकडे नव्हे, असान बाइकेंकडे. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे थोरल्या भावाला बाइके म्हणतात आणि बाकीच्यांचे घोळ होतात. हे साठीचे गृहस्थ. पूर्वी खाणीत वीजतंत्री, आता चार खोल्या पाहुण्यांना देतात. जुन्या ट्रकचं इंजिन बसवून त्यांनी टेकडीवर दोरीची लिफ्ट केली आहे. दोरी धरायची आणि ती ओढून नेते. माणूस कमी बोलणारा, एका गुडघ्यानं लंगडणारा. पण मी एक गोष्ट टिपून ठेवली: दारात ते सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून 'या, या' म्हणाले. जिपार आली तेव्हा त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. पाहुण्याच्या पायांकडे मोची बघतो. यजमान बघत नाही.

"उंबरा आहे, पोरी," ते हळूच म्हणाले. "बघून."

जिपारनं उंबरा बघितला आणि अडखळलीच.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती दिवसभर पडली. मी मोजत होते, सवय आहे म्हणून. सतरा वेळा. पहिल्या फरच्या झाडापाशी, दुसऱ्यापाशी, बहुतेक वेळा तिसऱ्यापाशी. पुढे कधी गेलीच नाही. वेगात पडली असती तर समजलं असतं, पण ती सावकाश पडायची. छान चाललेली असायची, गुडघे वाकवून, जीभ ओठांत धरून. मग दोन्ही पाय आपोआप एकमेकांकडे ओढले जायचे, फळ्यांची टोकं जुळायची आणि ती बाजूला कलंडायची. बर्फ तिला आवाज न करता आत घ्यायचा. क्षणभर तिथे कुणी नसायचं. मग तिची लाल टोपी वर यायची. ती वर वळून आमच्याकडे पाहायची आणि हसायची.

त्या दिवशी तिला एकूण एकतीस सल्ले मिळाले. नऊ एकट्या रिसबेकचे.

"वजन पुढे टाक. पुढे म्हणजे पुढे. माझ्याकडे बघ."

"तुझ्याकडे बघूनच पडतेय ती," तोक्तो म्हणाली. "एवढं वजन पुढे टाकायला आधी असावं लागतं."

"तू गोळ्या विक. तिला काहीतरी दे गुडघ्यांचं."

"गुडघे उत्तम आहेत तिचे. तुझ्यापेक्षा."

असान बाइके इंजिनापाशी उभे राहून हे ऐकत होते. सतराही वेळा त्यांनी मान फिरवली. तेही मी मोजलं.

दिवस कलल्यावर सगळे शेगडीभोवती बसलो. बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळून आले होते, जर्दाळूचा मुरंबा होता, साय होती. जिपारनं गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडले होते आणि त्यांच्याकडे ती दुसऱ्याच्या मालाकडे पाहावं तशी पाहत होती.

"काय होतं कळत नाही," ती म्हणाली. "भीती नाही वाटत. पाय जायला निघतात आणि कुणीतरी मागून धरतं. लहानपणापासून. लग्नात पडले, घोड्यावर चढताना पडले, मुलाच्या शाळेत व्यासपीठावर पडले. आता वाटतं, हे असंच घेऊन जावं लागणार कझानला."

असान बाइके तिच्यासाठी चहा ओतत होते. ओतत राहिले. वाडगा काठोकाठ भरला.

आता, आमच्याकडे पाहुण्याला अर्धाच वाडगा देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा द्यायला निमित्त राहतं. काठोकाठ भरलेला चहा म्हणजे 'प्या आणि निघा'. पंधरा वर्षं पाहुणे सांभाळणाऱ्या माणसाकडून ही चूक होत नाही.

"बाइके, तिला आजच हाकलताय?" रिसबेक म्हणाला. "विमान मंगळवारी आहे."

बाइके हसले नाहीत. वाडगा तसाच ठेवून बाहेर गेले. जिपार त्या भरलेल्या चहाकडे पाहत बसली, आणि खरंच तिला निघा म्हटल्यासारखी लवकर झोपायला गेली.

रविवारी मला जाग आली ती एका आवाजानं. अंगणात कुणीतरी दगडावर पातं घासत होतं. एकसारखं, थांबून थांबून. खिडकीतून फक्त पांढरं दिसत होतं, आणि त्या पांढऱ्यात तो आवाज. मला वाटलं दुपारी मेंढी कापणार. बेत चांगला आहे म्हणून मी पुन्हा डोळे मिटले.

न्याहारीला आम्ही बसलो तेव्हा बाइके आत आले. टोपी हातात. घरात टोपी काढणारा हा माणूस नव्हे.

"जिपार पोरी," ते उभ्यानंच म्हणाले, "तुझ्या पायांतला दोरा मी कापला नाही."

कुणाला काही कळेना. आमच्याकडे मूल चालायला लागलं की त्याच्या घोट्यांना दोरा बांधतात आणि शर्यतीत पहिलं आलेलं पोर तो कापतं, म्हणजे मूल पुढे न अडखळता चालतं. रिसबेकच्या तोंडात बोरसोक होता तो तसाच राहिला.

"तू चालायला लागलीस तेव्हाची गोष्ट. तुझ्या आजीनं तुला शाळेपुढच्या मोकळ्या जागेत उभं केलं होतं. घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा, जसा सगळ्यांच्या मुलांना बांधतात तसा. आम्ही पोरं पुलापासून पळत आलो. मी नऊ वर्षांचा होतो. पहिला मी आलो. आजीनं माझ्या हातात चाकू दिला, 'काप' म्हणाली. चाकू बोथट. बर्फानं दोरा भिजलेला. मी घासत राहिलो, तुटेना. मागून बाकीची पोरं येत होती. त्यांच्यातलं कुणी हिसकावून घेईल म्हणून मी खाली वाकलो, अंगानं झाकून गाठ सोडवली आणि दोरा खिशात घातला. सगळ्यांना वाटलं कापला. तुझे दोन्ही हात धरून तुला चालवत नेलं. बक्षीस मला मिळालं. लाल हातमोजे, तुझ्या आजीनं विणलेले."

"सोडवला?" रिसबेकनं घास गिळला. "कापला नाही?"

"नाही."

"आणि मग तो दोरा?"

"घरी जाऊन चुलीत टाकला. भीती वाटली." बाइके टोपी हातात फिरवत होते. "चार दिवसांनी ही पुलावर पडली. मी म्हटलं, मुलं पडतातच. मग शाळेत. मग लग्नात, मी तिथे होतो, मी पाहुण्यांना वाढत होतो तेव्हा. दर वेळी सांगीन म्हटलं. काल मोजत होतो मी, सतरा वेळा."

म्हणजे मोजणारी मी एकटी नव्हते.

तोक्तो औषधं विकते. ती म्हणाली, "बाइके, असं काही नसतं हो. स्नायूंचा प्रश्न असतो तो." पण म्हणताना तिचा आवाज खाली आला होता, आणि तिच्या तिन्ही नातवंडांचे दोरे तिनं स्वतः पिळले आहेत हे मला माहीत आहे. रिसबेकच्या मनगटावर तीन घड्याळं होती, पण चेहरा आठ वर्षांच्या पोराचा झाला होता. माझा यावर विश्वास आहे का, असं मला कुणी विचारलं नाही. ते बरंच झालं.

सगळे जिपारकडे पाहत होतो. शेगडीत कोळसा सरकला.

"हातमोजे ऊबदार होते का?" तिनं विचारलं.

"होते, पोरी. एकदाच घातले."

"माझ्या आजीचं विणकाम दाट असायचं." ती उठली. "बरं, मग चला. व्हॅन तीनला येणार आहे."

बाइकेंच्या बायकोनं विणायच्या टोपलीतून काळी लोकर काढली, पांढरी काढली आणि मांडीवर पिळून दोरा केला. बाइकेंकडे पाहिलंही नाही. नवऱ्यानं हे तिलाही आजच सांगितलं असावं. आम्ही दोरी धरून एकामागून एक वर गेलो. वरती वाफ दाट होती. इंजिनाचा आवाज खाली राहिला आणि आजीच्या माथ्यावर आम्ही नऊ जण आणि बाइके, जणू गावापासून सुटून कुठेतरी तरंगत होतो. कुठल्या हिवाळ्यात आहोत ते सांगता आलं नसतं. उघड्या कोटाखालचा रिसबेकचा केशरी पोशाखही धुक्यात जुना, मऊ दिसत होता.

जिपारला मध्ये उभं केलं. तोक्तोनं वाकून तिच्या बुटांभोवती दोरा आठाच्या आकड्यासारखा फिरवला आणि गाठ मारली. शर्यतीची जागा ठरली: तारेच्या कुंपणापासून जिपारपर्यंत, साठेक पावलं. कोटांत पळता येणार नाही म्हणून सगळ्यांनी कोट काढले, आणि काढल्यावर ते घेऊन इकडेतिकडे पाहू लागले. सवयीनं जिपारनं हात पुढे केले.

"तू नाही," मी म्हटलं. "आण इकडे."

आठ कोट माझ्या हातांवर आले. जिपारनं स्वतःचा काढला आणि सगळ्यात वर ठेवला. "जड लागतील तुला," ती म्हणाली. कोट किती जड असतात ते मला तेव्हा कळलं. लोकर ओली असेल तर जास्तच.

"बाइके, चाकू द्या आणि बाजूला व्हा," रिसबेक म्हणाला. "शर्यत म्हणजे शर्यत."

"मी पळणार," बाइके म्हणाले.

"तुमचा गुडघा?"

"चूक माझी, तर धावायचंही मलाच."

"मग ऐकून ठेवा, मी सोडणार नाही. वयाचा मान जेवताना."

मी हात वर करू शकत नव्हते, म्हणून नुसतं ओरडून सुरुवात दिली.

जे पाहिलं ते लिहिते. स्कीचे बूट घालून माणूस धावत नाही, कपाट चालावं तसा चालतो. सात कपाटं आणि खाणीच्या जुन्या बुटांतला एक म्हातारा. दहा पावलांवर दोघं पडले. ते मुद्दाम पडले, मी यांना ओळखते. तोक्तो पाय मुरगळल्याचं सोंग करून बसली. विसाव्या पावलाला आणखी तीन जण एकमेकांत अडकले, त्यातला एकच खरा अडकला होता. रिसबेक मात्र पुढे होता. सोडणार नाही म्हणाला होता आणि सोडत नव्हता, दात ओठांवर, काखेत चिठ्ठी फडफडतेय. जिपारपासून चार पावलांवर तो सपाट पालथा झाला. तो मुद्दाम पडला की खरंच, हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्याला विचारलं की तो घड्याळ बघतो.

बाइके लंगडत त्याच्या बाजूनं गेले. जिपारपुढे गुडघ्यावर बसले. चाकू काढला, आधी स्वतःच्या मनगटावरचे केस कापून पाहिले. मग पातं दोऱ्याखाली सरकवलं. आवाज काही झाला नाही. दोन टोकं बर्फावर पडली, एक काळं-पांढरं इकडे, एक तिकडे. ती त्यांनी उचलली नाहीत.

त्यांनी दुआसाठी ओंजळ वर केली. बाकीच्यांनीही केल्या, जे पडले होते त्यांनी पडल्यापडल्या. मला करता आली नाही. "पाय मोकळे असोत," बाइके म्हणाले. "वाट पुढे असो." बस. मग दोन्ही हातांनी चेहरा पुसला आणि बराच वेळ ते हात खाली आले नाहीत.

जिपारनं फळ्या चढवल्या. उताराच्या कडेवर गेली. एकतीस सल्ले देणारी माणसं मागे उभी होती आणि एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. ती निघाली.

पहिलं झाड गेलं. दुसरं. तिसऱ्यापाशी माझा श्वास कोटांत अडकला, पण तिसरंही गेलं. ती घाईत नव्हती. लाल टोपी धुक्यातून अशी जात होती की जणू टेकडीच तिच्याखालून हळूहळू मागे सरकतेय. पाचव्या झाडानंतर ती पडली.

रिसबेक माझ्या शेजारी उभा होता. तो एक पाऊल पुढे झाला. बाइके हलले नाहीत.

बर्फानं तिला आत घेतलं. तिथे कुणी नव्हतं. मग टोपी वर आली. आम्ही वाट पाहत होतो की ती वळेल, वर आमच्याकडे बघेल, हसेल. तिनं वर पाहिलं नाही. हातांनी बर्फ झटकला, फळ्यांची टोकं उघडली आणि खाली पाहत पुन्हा निघाली. थोडं पुढे जाऊन वाफेत शिरली, आधी पाय गेले, मग खांदे, मग टोपी. नंतर नुसता सरसर आवाज राहिला. तोही राहिला नाही.

बाकीचे घसरत खाली गेले, ज्याला जसं येतं तसं. मी नऊ कोट घेऊन पायवाटेनं उतरले. तिच्या खुणा बाजूनंच चालल्या होत्या: दोन रेघा, मध्ये एक खळगा, पुन्हा दोन रेघा. पायथ्याशी, जिथे मी तिला सहा वर्षं उभी केली होती, तिथे त्या थांबल्या नव्हत्या. पुढे गेल्या होत्या. दोरीच्या इंजिनापुढून, घोड्यांमधून, पुलावरून पार शाळेच्या मोकळ्या जागेपर्यंत. आमचे सगळे माझ्याआधी पोचून तिथे गोल करून उभे होते आणि धापा टाकत होते. बाइके सगळ्यात मागे, कुंपणाला टेकून.

जिपार मध्ये उभी होती. ओठ निळे पडले होते, बाहीत बर्फ गेला होता, आणि ती रागावलेली होती. तिला रागावलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"किती वेळ, साबिरा?" ती म्हणाली. "गारठले मी इथे. माझा कोट कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे," मी म्हटलं. "सगळे माझ्याकडेच आहेत."